९७ गुण आणि एकच कमिट

साइट दुरुस्त करायला आलेल्या पोरापायी गेले एकूण ४१,५०० रुपये. आधी १८,५००, मग ‘सर्व्हरचं काम वाढलं’ म्हणून १४,००० आणि शेवटी आमचाच कोड आम्हाला परत द्यायचे ९,०००. हो, तेही मीच दिले. हसा खुशाल.

पंपाच्या सुट्या भागांची आमची साइट उघडता उघडत नव्हती. कोड २०१३ पासून सबव्हर्जनमध्ये, म्हणजे कोडातला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या जुन्या प्रणालीत. गिट ही त्याच कामाची नवी प्रणाली. ‘गिटवर नेतो, साइटही पळवतो’ म्हणाला तो पोरगा. सीझन तोंडावर, माणूस ओळखीतून आलेला. तुम्ही काय वेगळं केलं असतं?

तिसऱ्या दिवशी पेजस्पीडचा, म्हणजे साइटच्या वेगाला शंभरपैकी गुण देणाऱ्या गूगलच्या चाचणीचा, स्क्रीनशॉट आला: ३१ वरून ९७! मी तो स्टेटसला ठेवला. त्याच संध्याकाळी मिरजेच्या गिऱ्हाइकाचा फोन, “अहो, तुमचं पान अजून गोल गोल फिरतंय.” आणि मी शहाणा त्यालाच म्हणालो, तुमचं नेट बघा. तिथेच, तिथेच कळायला हवं होतं! मोबाइलची चाचणी मोटो जी फोनचं सोंग घेऊन येते. याने कोडात लिहून ठेवलेलं, तसा फोन दिसला की जवळजवळ रिकामं पान द्यायचं. गिऱ्हाइकाला मात्र सर्व्हरकडून पहिला बाइट, म्हणजे पानाचा पहिला कण, मिळायलाच ४.२ सेकंद; तो ०.८ च्या आत यायला हवा. गुण बघू नका, वायफाय बंद करून स्वतःच्या फोनवर साइट उघडा.

गिटचं तर विचारूच नका. इतिहासासकट कोड न्यायचा तर जुन्या लॉगिनसमोर कुणाचं नाव, कुठला ईमेल, ही यादी लागते. त्याने ती मागितलीच नाही. मला वाटलं, गुणी पोरगा, त्रास देत नाही. लॉग उघडला तर एकच ओळ, ‘इनिशियल कमिट’, म्हणजे पहिली नोंद, त्याच्याच नावावर. २,३१६ रिव्हिजन, म्हणजे जुन्या बदलांच्या नोंदी, साफ. जुना सर्व्हर त्याच्याच सांगण्यावरून भाडं वाचवायला मी बंद केलेला. आधी डंप, म्हणजे इतिहासासकट पूर्ण प्रत, काढून घरी ठेवा रे बाबांनो! रेपो, म्हणजे गिटवरचा कोडाचा साठा, तोही त्याच्या खात्यावर होता, म्हणून ते ९,०००. खातं स्वतःचंच उघडा.

पोलीस ठाण्यात चार फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा “साहेब बंदोबस्तात”. दुसऱ्यांदा “हा दिवाणी वाद”. तिसऱ्यांदा अर्ज टाइप करून आणा, आणला तर शिक्का मारणारा रजेवर. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. चौथ्यांदा हवालदारांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “फाइली आहेत ना तुमच्याकडे? मग चोरीला काय गेलं?” अकरा वर्षांत कोणती ओळ कुणी, का बदलली ते गेलं, म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच अर्ज घडी करून खिशात घातला.

काल त्या पठ्ठ्याचा मेसेज आला: “सर, फाइव्ह स्टार द्या ना.”