वर पोतडीच बरी: ६५ लिटरच्या एक्सपिडिशन सॅकचा रिव्ह्यू

सॅक घ्यायला गेलेला माणूस पहिलं विचारतो किती लिटरची, दुकानदार पण लगेच ५५, ६५, ८० अशा काढून समोर मांडतो, मग रंग, मग कप्पे किती, मग रेनकव्हर येतं का, आणि पंधरा मिनिटांत बिल. साल्हेर, हरिहर, फार तर कळसूबाईच्या नाइट ट्रेकला हे चालून जातं. पण सहा-सात हजार मीटरच्या शिखरावर जायचं असेल तर माझं मत सरळ आहे, वर नुसती पोतडी लागते. वरून तोंड असलेला एकच मोठा कप्पा, भक्कम पट्टे, आणि बाकी जेवढं कमी तेवढं बरं.

मी वापरतोय ती सॅक याच जातीतली. ६५ लिटर, रिकामी असताना पावणेदोन किलोच्या आत, किंमत बावीस हजारांच्या आसपास. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण टाकलं की लोक डोळे झाकून तीच ऑनलाइन मागवतात आणि सॅकचं चपलेसारखं आहे, मित्राला बसली म्हणून तुम्हाला बसेल असं नसतं. डॉयटरची गाइड, ऑस्प्रेची म्युटंट, ब्लॅक डायमंडची मिशन, ग्रेगरीची डेनाली या सगळ्या क्लाइंबिंगवाल्यांसाठीच काढलेल्या आहेत, पण पाठीवर प्रत्येक वेगळी बसते, त्यामुळे घालून बघण्याला पर्याय नाही.

आणि माप म्हणजे तुमची उंची नव्हे बरं का. मान खाली घातली की मागे जे हाड वर येतं तिथून टेप लावायची, ती खाली कमरेच्या दोन्ही हाडांवर हात ठेवल्यावर अंगठे मागे जिथे येतात तिथपर्यंत, ही तुमची पाठ. मी पाच फूट दहा इंच पण पाठ आखूड, बहीण माझ्यापेक्षा चांगली अर्धा फूट बुटकी आणि पाठ जवळजवळ माझ्याएवढीच. तिला एका ठिकाणी नुसती उंची बघून 'मॅडम तुम्हाला स्मॉल' म्हणून जी दिली तिचा कमरेचा पट्टा पोटावर आला, मग काय, सगळं ओझं खांद्याला. पट्टा कमरेच्या हाडाला धरून बसला पाहिजे, वजनाचा मोठा वाटा तिथे उतरतो, खांद्याच्या पट्ट्यांचं काम मुख्यतः सॅक पाठीला चिकटून ठेवायचं. खांद्यावरून मागे वर जाणारे दोन छोटे पट्टे असतात, लोड लिफ्टर म्हणतात, ते ओढले की वरचा भाग पाठीकडे येतो, चढावर ही गोष्ट फार जाणवते. अर्धे लोक त्यांना हातच लावत नाहीत.

मी घेतली ती नाशिकला गंगापूर रोडच्या एका छोट्या दुकानातून. तिथल्या भाऊंचं एक आवडलं, रिकामी सॅक घालून आरशात बघायला लागलो तर म्हणाले, "असं काय कळणार आहे?" आणि आतून वाळूच्या पिशव्या आणून भरल्या, अठरा किलो, आणि वर "जिना दोनदा चढून या मग बोलू". मीही तयारीने गेलो होतो, पिशवीतून आधी लोकरीचे आणि त्यावर जाड असे दोन जोड हातमोजे चढवले आणि एकेक बक्कल उघडून लावून बघितलं. बाहेर मे महिना, आत पंखा गरगर फिरतोय, काउंटरवरचा पोरगा तोंड फिरवून हसत होता. हसू दे. त्या टेस्टमध्ये दिसायला एकदम झकास अशा दोन सॅक बाद झाल्या, एकीचं छातीचं बक्कल इतकं बारीक की मोज्यातून ते सापडतच नव्हतं, दुसरीच्या चेनची ओढणी शर्टाच्या बटणाएवढी. वर वाऱ्यात एका बकलासाठी मोजे काढावे लागले तर बोटांचं काय होतं ते फ्रॉस्टबाइट (हिमदंश) झालेल्याला विचारा.

हार्नेस, म्हणजे रोपला बांधून घ्यायचा कमरेचा-मांड्यांचा पट्टा, तो पण घेऊन जा दुकानात. हे कोणी सांगत नाही. सॅकचा जाड गादीवाला कमरेचा पट्टा ट्रेकला सुख देतो पण हार्नेसवर घातला की नेमका गिअर लूपवर (हार्नेसच्या सामान अडकवायच्या फाशांवर) येऊन बसतो, मग फिक्स रोपवर (आधीच बांधून ठेवलेल्या दोरावर) जुमार (दोरावर चढायची पकड) नाहीतर कॅराबिनर (उघडझाप होणारी कडी) काढायला हात घातला की हाताला गादीच लागते. माझ्या सॅकची गादी सुटी होते, खाली नुसता पातळ पट्टा राहतो, पैसे वसूल झाले ते मुख्यतः इथे. तसंच हेल्मेट घालून मान वर करून बघा, मागे झाकणाला किंवा फ्रेमला हेल्मेट थडकत असेल तर बर्फाच्या उभ्या भिंतीवर वरचं काही दिसणारच नाही.

आता त्या जाळीवाल्या पाठीबद्दल, ज्यात सॅक आणि पाठीच्या मधे हवा खेळायला पोकळी असते. सह्याद्रीत एप्रिल-मे मध्ये याच्याइतकं सुख नाही, मी स्वतः किल्ल्यांवर तसलीच वापरतो. पण पोकळीमुळे वजन पाठीपासून लांब जातं आणि मागे खेचतं, आणि बर्फात सॅक टेकवली की जाळीत बर्फ भरतो तो वेगळाच ताप. तळाशी स्लीपिंग बॅगसाठी वेगळी चेन असते ती पण मला नको. चेनमध्ये बर्फ जातो, गोठतो, आणि ठासून भरलेल्या सॅकमध्ये सगळ्यात जास्त ताण तिच्यावरच, तिथली चेन गेली की सॅक गेली. रेनकव्हर आपल्याकडे इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात ठीक आहे, वर वाऱ्यात ते फुगतं आणि उडतं. त्यापेक्षा आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून सगळं सामान त्यात भरा. प्लॅस्टिकच्या दुकानात किलोवर मिळते, वजन नाही, भांडण नाही.

बाहेरून काय हवं तर आइस अ‍ॅक्सचे दोन फासे, बाजूला दाबायचे पट्टे ज्यात मॅट आणि स्नो स्टेक (बर्फात ठोकायच्या खुंट्या) अडकतात, झाकणाखाली रोप धरणारा एक पट्टा, आणि पाठीच्या वर एक मजबूत हॉल लूप, म्हणजे सॅक टांगायचा-ओढायचा फास. हॉल लूपकडे नीट बघा, शिलाई उलटीसुलटी किती मारलीय ते. ग्लेशियरवर रोपला बांधून चालताना कोणी बर्फातल्या खोल कपारीत पडला तर पाठीवरची सॅक त्याला मागे उलटं खेचते, मग ती काढून त्या लूपला कॅराबिनर घालून खाली लोंबकळत सोडायची आणि मग वर यायचं. लूप तुटला तर तुमची स्लीपिंग बॅग गेली कपारीत. क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे धातूचे दाते) मात्र बाहेर उघडे लटकवू नका आणि आत तसेच टाकूही नका, जाड पाऊचमध्ये घाला, डाउन जॅकेटला एक दात लागला की पिसं उडालीच.

सॅकची खरी परीक्षा झाली ती लडाखच्या नुन शिखरावर, ७१३५ मीटर, कारगिलहून सुरू खोऱ्यात जायचं. बेस कॅम्पपर्यंत बाकीचं सामान डफल बॅगेत जातं, ती ओझेवाल्यांकडे. वर तीन कॅम्प लागतात आणि तिथे फेऱ्या मारायच्या, आज तंबू आणि गॅस वर टाकून खाली या, उद्या खाणं आणि स्लीपिंग बॅग घेऊन जा. त्या फेऱ्यांना ६५ लिटर गच्च भरते, आणि समिटच्या दिवशी मात्र थर्मास, जाड मोजे, जास्तीचं जॅकेट, थोडं खाणं एवढंच. इथे माझी सॅक आवडली. झाकण निघतं, पाठीतली प्लॅस्टिकची शीट निघते, गादी निघते, उरलेलं बाजूच्या पट्ट्यांनी आवळलं की तीच सॅक छोटी होऊन पाठीला चिकटते. समिटसाठी वेगळी छोटी सॅक वाहायची गरज नाही. सहा हजारांच्या वर हवेतला ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी, तिथे जास्तीच्या कप्प्यांचं अर्धा किलो सुद्धा दर पावलाला कळतं.

खोड्या पण आहेत. बाजूचे खिसे इतके उथळ की लिटरची बाटली वाकलं की बाहेर, मी तर बाटली आतच ठेवतो, तसंही वर उघड्यावर पाणी गोठतं आणि हायड्रेशनची नळी सगळ्यात आधी. झाकणाच्या चेनची ओढणी बारीक होती तिथे नाशिकलाच बॅग शिवणाऱ्या काकांकडून दोरीचा मोठा फास बसवून घेतला. खांद्याच्या पट्ट्यांचा फोम पहाटेच्या थंडीत कडक होतो, पहिला अर्धा तास टोचतो. आणि काळा रंग, तंबूत अंधारात आतलं काही दिसत नाही, आतून पिवळं किंवा राखाडी कापड असलेली मिळाली तर ती घ्या.

लिटरचं एवढंच, फ्रेंडशिप पीक किंवा कांग यात्से दोनसारख्या शिखराला खेचरं बेस कॅम्पपर्यंत सामान नेणार असतील तर ४५-५० पुरते, वर स्वतः फेऱ्या मारायच्या असतील तर ६०-६५. ८० ची घेतली की ती भरली जातेच, हा निसर्गनियम आहे. सरावाला मी तिच्यात पाण्याचे कॅन भरून पांडवलेणीच्या पायऱ्या नाहीतर अंजनेरी करतो, वर गेल्यावर पाणी झाडाला ओतायचं आणि रिकाम्या सॅकने उतरायचं, गुडघे वाचतात. पावसाळ्यात मात्र ओली किंवा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकू नका, आतला पीयू कोटिंगचा (पाणी अडवणारा) थर दमट हवेत चिकट होऊन सोलायला लागतो.

बावीस हजार एका मोहिमेसाठी जीवावर येत असतील तर लेह-मनालीला भाड्याने मिळतात, घेताना वजन भरून कमरेचं बक्कल दोन्ही हातांनी जोरात ओढून बघा, भाड्याच्या सॅकमध्ये सगळ्यात आधी तेच घसरायला लागतं.