चिंचिलाला खाऊ काय द्यायचा: बेदाणा, रोझहिप, ओट्स की साधी काडी?

चिंचिला, म्हणजे दाट मऊ केसांचा, उंदीर-खारीच्या कुळातला छोटा प्राणी, घरात आणायचा म्हटलं की पिंजरा, धुळीची आंघोळ, एसी हे सगळं माणसं नीट वाचून करतात, खाऊच्या बाबतीत मात्र दुकानदार जे पाकीट हातात देईल ते घेऊन येतात. आणि त्या पाकिटात बहुतेक वेळा केळ्याचे चिप्स, मका, सूर्यफुलाच्या बिया, रंगीत गोळ्या असं सगळं असतं जे या प्राण्याला द्यायलाच नको. म्हणून नेहमी समोर येणारे ऑप्शन जोडीजोडीने ठेवून बघूया. माझं मत आधीच सांगते, गोड आणि तेलकट दोन्ही बाद, आणि सगळ्यात चांगला खाऊ म्हणजे चावायला झाडाची सुकी काडी.

असं का म्हणते ते सांगते. रानातले चिंचिला आज मुख्यतः चिलीत उरलेत, तिथे इयापेल गावाजवळ त्यांच्यासाठी 1983 पासून राखीव क्षेत्र आहे आणि तो सगळा भाग कोरडा, दगडधोंड्यांचा, खुरट्या झुडपांचा. गवत, पानं, साली यावर जगणारं हे पोट आहे. अन्नातलं फायबर पचवायचं काम आतड्याच्या मागच्या भागात, सीकममध्ये, जंतू करतात, तिथे एकदम साखर किंवा स्टार्च जाऊन पडला की नको ते जंतू वाढतात, गॅस धरतो, जुलाब लागतात, आणि चिंचिलाला उलटी करता येत नाही त्यामुळे एकदा पोटात गेलेलं बाहेर टाकायचा मार्गच नाही. दुसरं म्हणजे दात. समोरचे दात आणि दाढा दोन्ही आयुष्यभर वाढत राहतात, आणि दाढा झिजतात त्या गवत आडवं आडवं दळून. खाऊने पोट भरलं की गवत कमी खाल्लं जातं आणि तिथून दातांचं दुखणं सुरू होतं. हे दुखणं लगेच दिसत नाही, तोंडातून लाळ गळायला लागते तेव्हा कळतं आणि तोवर उशीर झालेला असतो, म्हणून मला याची जास्त भीती वाटते.

बेदाणा की रोझहिप

जुन्या पुस्तकांत बेदाणा हा चिंचिलाचा ठरलेला खाऊ होता आणि अजूनही बरेच जण तेच सांगतात. आपल्याकडे तर सांगली-तासगावचा बेदाणा घराघरात असतोच, हात सहज त्या डब्याकडे जातो. पण 100 ग्रॅम बेदाण्यात साठ ग्रॅमच्या आसपास साखर असते. आता हिशोब करा, चिंचिलाचं वजन साधारण 500 ग्रॅम आणि माणसाचं 60 किलो धरलं तर त्याचा अर्ध्या ग्रॅमचा एक बेदाणा म्हणजे आपण एका बैठकीत 60 ग्रॅम खाल्ल्यासारखं! शिवाय तो चिकट, दातांना धरून बसतो. रोझहिप म्हणजे सुकवलेलं रानगुलाबाचं फळ, यात फायबर भरपूर, साखर बेदाण्यापेक्षा खूपच कमी, वर व्हिटॅमिन सी, आणि कडक असल्यामुळे तो दोन्ही हातात धरून बराच वेळ कुरतडत बसतो. महाग आहे, इथे ऑनलाइनच मिळतं, पण आठवड्यातून दोनदा एक-एक द्यायचं तर एक छोटं पाकीट महिनोन्महिने पुरतं. या जोडीत मला काही विचार करावा लागत नाही, रोझहिप घ्या. सुकं सफरचंद, खजूर, अंजीर, केळ्याचे चिप्स हे सगळे बेदाण्याच्याच रांगेतले, केळ्याचे चिप्स तर बहुतेक तेलात तळलेले असतात. वाळवलेल्या पपईचे तुकडे पोटातले केस विरघळवतात म्हणून विकतात, तेही घेऊ नका, केस काही विरघळत नाहीत, साखर तेवढी पोटात जाते.

ओट्स की बिया-दाणे

सूर्यफुलाच्या बिया, बदाम, शेंगदाणे यांत निम्मं तेल असतं, बारीकसारीक फरक सोडा. चिंचिलाच्या चांगल्या पेलेट्समध्ये, म्हणजे त्याच्या रोजच्या खाण्याच्या दाबून केलेल्या कोरड्या गोळ्यांमध्ये, फॅट साधारण 2 ते 5 टक्के असतं, मग बदामाचा एक तुकडासुद्धा किती जड जाईल बघा, लिव्हरवर चरबी साठते आणि जुनं दुखणं होऊन बसतं. बदामाने बुद्धी वाढते म्हणून आजी लाडाने एक तुकडा देऊन जाते, तिला समजावून सांगा, त्याच लाडाने ओटचा दाणा द्यायला लावा. रोल्ड ओट्समध्ये फॅट सातेक टक्के, फायबर बऱ्यापैकी, पण स्टार्चही आहे त्यामुळे हा रोजचा खाऊ नाही, आठवड्यात एक-दोनदा चिमूटभर. साधेच हवेत, मसाला ओट्स किंवा मधाचे फ्लेव्हरवाले अजिबात नकोत. ओट्सचा एक खरा फायदा म्हणजे ट्रेनिंग. लहान चपटा दाणा, पटकन संपतो, हातावर येऊन बसायला, वजनकाट्यावर किंवा कॅरियरमध्ये जायला शिकवायचं तर याच्यासारखं दुसरं काही नाही. वजन कमी झालेल्या किंवा पिल्लांना पाजणाऱ्या मादीला डॉक्टरांना विचारून थोडे जास्त चालतात.

काडी की दुकानातली रंगीत चावणी

सफरचंद, नासपती, तुती, विलो यांच्या सुक्या काड्या चालतात. तो आधी साल सोलतो, मग आतलं लाकूड कुरतडतो, पुढचे दात झिजतात, वेळ जातो, आणि पोटात साखर जात नाही. ही एकच गोष्ट मी रोज द्या म्हणेन. फक्त झाडावर फवारणी झालेली नसावी, आणि सफरचंदाच्या बागांत फवारणी भरपूर असते, त्यामुळे पाळीव प्राण्यांसाठी म्हणून विकणाऱ्याकडूनच घ्या. ओळखीच्या माणसाच्या परसातल्या तुतीची फांदी मिळाली तर उत्तमच, घासून धुवा, उकळतं पाणी ओता आणि पूर्ण वाळू द्या. चेरी, प्लम, जर्दाळू, पीच ही आठळीच्या फळांची लाकडं नकोत, लिंबू-संत्र्याचं नको, देवदार आणि ताजं पाइन नको, आणि जे झाड ओळखता येत नाही तेही नको. दुकानातल्या गुलाबी-हिरव्या लाकडी खेळण्यांना रंग असतो, काहींना गोंदाने बिया चिकटवलेल्या असतात, काही मधात बुडवलेली असतात. योगर्ट ड्रॉप्सचं तर नावच घेऊ नका, दूध आणि साखर दोन्ही एकाच गोळीत.

फुलांचं आपल्याकडे सोपं आहे. सुकी जास्वंद, गुलाबाच्या पाकळ्या, कॅमोमाइल आवडीने खातात आणि पोटाला हलकी जातात. पण पूजेच्या बाजारातला किंवा बुकेतला गुलाब नको, त्यावर औषध मारलेलं असतं, बाल्कनीत स्वतः लावलेली जास्वंद सावलीत कडकडीत वाळवून ठेवा. खरी अडचण पावसाळ्याची. मुंबईत, कोकणात जून ते सप्टेंबर उघडं राहिलेलं फूल दोन दिवसांत मऊ पडतं आणि मऊ पडलेल्यावर बुरशी यायला वेळ लागत नाही, आणि अशी बुरशी या प्राण्याच्या जिवावर बेतू शकते. छोट्या घट्ट झाकणाच्या बरणीत थोडंथोडंच ठेवा, वास बदलला, कुरकुरीतपणा गेला की सरळ फेकून द्या, पैसे गेले म्हणून हळहळू नका.

अल्फाल्फा (लसूणघास) आणि टिमोथी (एक प्रकारचं गवत) या सुक्या चाऱ्यांच्या दाबलेल्या वड्या दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि दिसतात सारख्याच. अल्फाल्फात कॅल्शियम आणि प्रोटीन टिमोथीपेक्षा बरंच जास्त, म्हणून वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, मोठ्या चिंचिलाला टिमोथीचीच वडी.

तुमच्याकडचा चिंचिला नवा असेल तर पहिले दोन-तीन आठवडे फक्त गवत, पाणी, पूर्वीचेच पेलेट्स आणि हवी तर काडी, बाकी काही नको, घर बदलल्याच्या ताणातच पोट बिघडलेलं असू शकतं आणि वर नवा खाऊ दिला तर नक्की कशाने झालं ते कळणार नाही. नंतर एका वेळी एकच नवीन पदार्थ, अगदी थोडा, आणि दुसऱ्या दिवशी लेंड्या बघायच्या. कोरड्या, घट्ट, लांबट असतील तर ठीक, मऊ किंवा चिकट झाल्या तर खाऊ बंद आणि परत नुसतं गवत. दर आठवड्याला किचनच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवलंत तर खाऊ जास्त होतोय की गवत कमी खाल्लं जातंय हे डोळ्यांआधी आकड्यात दिसतं. आणि एखाद्या दिवशी आवडता खाऊ समोर धरूनही तो हलला नाही, पोट फुगलेलं वाटलं, लेंड्याच पडल्या नाहीत, तर घरगुती उपाय करत बसू नका, उद्या बघू असं करू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सगळेच व्हेट चिंचिला बघत नाहीत, त्यामुळे एक्झॉटिक प्राणी बघणारा तुमच्या शहरात कोण आहे, रात्री फोन उचलतो का, हे खाऊची पहिली ऑर्डर टाकायच्या आधी विचारून ठेवा.