ओपनसीव्ही सोर्समधून बिल्ड करायचंय: लिनक्स, मॅक की विंडोज?

ओपनसीव्ही म्हणजे फोटो-व्हिडिओवर काम करणारी लायब्ररी. आधी बिल्डची, म्हणजे तिचा मूळ कोड स्वतः कम्पाइल करण्याची, गरज आहे का ते बघा. पायथनमधून फोटो वाचायचे, चेहरे शोधायचे एवढंच काम असेल तर पिपचं (पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) तयार पॅकेज पुरतं. सिफ्टसाठी (फोटोतल्या ठळक खुणा शोधणारी पद्धत) बिल्ड करायला लावणारे जुने लेख अजून फिरतात, पण त्याचं पेटंट मार्च २०२० मध्ये संपलं आणि ४.४.० पासून सिफ्ट मूळ लायब्ररीतच आहे. बिल्डची खरी गरज पडते ती कुडासाठी (एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर काम चालवायची सोय), कारण पिपच्या नेहमीच्या पॅकेजमध्ये ते नसतं. किंवा छोट्या बोर्डावर मोजकीच मॉड्यूल्स हवी असतील तेव्हा.

मोकळीक असेल तर मी डोळे झाकून लिनक्स, त्यातही उबुंटू घेईन. कम्पायलर, सीमेक (बिल्डची जुळवाजुळव करणारं साधन), गिट सगळं ॲप्ट या उबुंटूच्या पॅकेज मॅनेजरने येतं. फसवणूक एकच, आणि ती गुपचूप होते: जीटीकेचं (स्क्रीनवर विंडो दाखवणारी लायब्ररी) डेव्ह पॅकेज नसलं तरी बिल्ड बिनबोभाट पूर्ण होतं, आणि फोटो दाखवणारं इमशो चालवलं की ‘फंक्शन इम्प्लिमेंट केलेलं नाही’ असा एरर येतो. म्हणून सीमेकने शेवटी छापलेला सारांश वाचल्याशिवाय मेक, म्हणजे प्रत्यक्ष बिल्ड, चालवू नका. जीयूआय, व्हिडिओ, पायथन, कुडा या ओळी तरी बघाच. रॅम ८ जीबी असेल तर सगळे कोअर एकदम जुंपू नका. मेमरी संपून कम्पायलर मध्येच मरतो.

मॅकवर एक्सकोडची कमांड लाइन टूल्स आणि होमब्रू (मॅकचा पॅकेज मॅनेजर) असलं की काम सरळ आहे. ॲपलच्या चिपवर पायथन मात्र इंटेलचं, रोझेटातून (इंटेलचे प्रोग्राम चालवणारी ॲपलची सोय) चालणारं नाही ना, ते पाहा. तसं असेल आणि लायब्ररी आर्मची, म्हणजे ॲपलच्या चिपसाठीची, झाली तर इम्पोर्टच होणार नाही. कुडा हवं असेल तर मॅकचा विषयच सोडा.

विंडोजवर खरी कसोटी. व्हिज्युअल स्टुडिओ सी प्लस प्लसच्या घटकांसकट लागतो, म्हणजे डिस्कवर बरेच जीबी गेले. डीबग आणि रिलीज अशी दोन वेगळी बिल्डं होतात. डीबगच्या फाइलच्या नावाशेवटी ‘डी’ असतो. दोन्हींची सरमिसळ झाली की फोटो वाचणाऱ्या इमरीडला फाइलचं नावच वेडंवाकडं पोहोचतं, फोटो रिकामा येतो, आणि माणूस फोल्डरचा पाथ तपासत बसतो. पायथन ३.८ पासून मॉड्यूलला लागणाऱ्या डीएलएल (लायब्ररीच्या फाइल) शोधताना विंडोजचं पाथ व्हेरिएबल बघितलं जात नाही, हेही ध्यानात ठेवा.

तरीही ग्राहकाला विंडोजचंच सॉफ्टवेअर द्यायचं असेल तर पहिल्यापासून तिथेच बिल्ड करा. मशीन विंडोजचं, पण कोड शेवटी लिनक्स सर्व्हरवर जाणार असेल तर डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) उत्तम, कुडाही चालतं. वेबकॅम मात्र तिथे सहजासहजी दिसत नाही.

काँट्रिबची (ओपनसीव्हीच्या जादा मॉड्यूल्सचा वेगळा रेपो) मॉड्यूल्स घेणार असाल तर तिन्हीकडे त्याचा टॅग, म्हणजे आवृत्तीची खूण, मूळ रेपोच्या टॅगशी तंतोतंत जुळवा. एक ४.८ आणि दुसरं ४.१० असेल, तर पुढचे एरर वाचण्यात वेळ घालवू नका.