हेलन केलर डिजिटल संग्रह: वाचून दाखवणाऱ्याविना धुंडाळलेलं दफ्तर

अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंडने २०१८ मध्ये खुला केलेला, अंध-बधिर लेखिका हेलन केलर यांच्या कागदपत्रांचा हा संग्रह मी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून वाचते. अंधत्वाच्या इतिहासात एकटीने, मनात येईल तसं भटकता येईल अशी इतकी सोयीची जागा मला दुसरी सापडलेली नाही. मूळ कागद आता अमेरिकेतल्या लुइव्हिलला, १८५८ पासून चालू असलेल्या अमेरिकन प्रिंटिंग हाऊस फॉर द ब्लाइंडकडे आहेत. आपल्याला मिळतात ती त्यांची डिजिटल रूपं: पत्रं, भाषणं, कात्रणं, फोटो, फिल्म.

जुन्या पत्राचा नुसता स्कॅन म्हणजे स्क्रीन रीडरच्या लेखी मुकं चित्र. इथे मजकूर टंकून ठेवलेला, फोटोंना वर्णनं. त्यामुळे शोधून मिळालेलं पत्र वाचायला कुणाची मनधरणी करावी लागत नाही. (एका संग्रहालयात ब्रेलची पाटीसुद्धा काचेआड होती. ‘हात लावू नये’ ही दुसरी पाटी मला सोबतच्यांनी वाचून दाखवली.)

आधी १९२४ चं रेडिओवाल्या मैफलीचं पत्र काढा. हेलनबाईंना ऐकू येत नव्हतं, दिसत नव्हतं. घरच्यांनी रिसिव्हरचं झाकण काढलं, हेलनबाईंनी आतल्या पातळ पडद्यावर बोटं टेकवली आणि बेथोव्हनची नववी सिंफनी अनुभवली. हे त्या स्वतः ती सिंफनी वाजवणाऱ्या न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदाला कळवतात, भाबडेपणा न करता. मग मे १९३३ चं, नाझी राजवटीतल्या जर्मन विद्यार्थ्यांना लिहिलेलं पत्र. पहिल्या महायुद्धात अंध झालेल्या जर्मन सैनिकांसाठी आपल्या पुस्तकांचं मानधन ज्या बाईने कायमचं देऊन टाकलं, तिचंच पुस्तक हे विद्यार्थी जाळायला निघाले होते. पत्रात राग आहे, पण तो आवरून धरलेला.

फोटोंकडे मी उशिरा वळले. तरुणपणीच्या फोटोंची वर्णनं एकामागून एक ऐकत गेलं की चेहरा एकाच बाजूने टिपलेला आहे हे जाणवू लागतं. त्यांचा डावा डोळा पुढे आलेला होता, तो कॅमेऱ्यापासून लपवत. पुढे दोन्ही डोळे काढून काचेचे बसवले. डोळस माणसं नुसता फोटो बघून पुढे जात असतील. मला त्या वर्णनांतून कळलं की अंध बाईने लोकांसमोर यायचं तर कसं दिसावं, हे कुणी ठरवलं होतं.

उणं एवढंच की हा एका कीर्तिवंत बाईचा संसार आहे. बाकीचे अंध बहुतेक तिच्या निमित्तानेच डोकावतात. वर्तमानपत्री कात्रणं चिक्कार आणि त्यांतली कितीतरी ‘काय हा चमत्कार!’ या थाटाची. मी तर सरळ ओलांडते. त्यापेक्षा त्यांच्या कामाचे कागद वाचा. १९३० मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली, १९३१ मध्ये कायदा झाला आणि प्रौढ अंधांच्या पुस्तकांसाठी दरवर्षी एक लाख डॉलरची तरतूद झाली. हे काही चमत्काराने झालं नाही.

बहुतेक सगळं इंग्रजीत आहे, तेव्हा स्क्रीन रीडरचा इंग्रजी आवाज लावून बसा आणि वेग नेहमीपेक्षा कमी ठेवा. जुन्या पत्रांतली वाक्यं लांबलचक आहेत. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या कात्रणांचा कापला.