जेंडर-करिअर टेस्ट: स्वतःसाठी जरूर द्या, ऑफिसात सर्टिफिकेट म्हणून वापरू नका

मी रिक्रूटमेंटमध्ये आहे, रोज सीव्ही चाळते, म्हणून प्रोजेक्ट इम्प्लिसिट या संशोधन प्रकल्पाच्या साईटवरची ही टेस्ट दिली. करिअर म्हटलं की आपलं मन नकळत पुरुषाशी जोडतं की बाईशी, ते ती बघते. ग्रीनवाल्ड, बानाजी आणि नोसेक या तिघा मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये सुरू केलेलं काम आहे हे (महजरीन बानाजी आपल्या सिकंदराबादच्या, आता हार्वर्डला शिकवतात). पैसे लागत नाहीत, दहा-पंधरा मिनिटांत होतं.

स्क्रीनवर मधोमध एक शब्द येतो, कुणाचं नाव किंवा पगार, ऑफिस, लग्न, मुलं असं काहीतरी, आणि तो डावीकडे जातो की उजवीकडे ते कीबोर्डवरचं ई किंवा आय दाबून पटापट सांगायचं. पुरुष आणि करिअर एका बाजूला असले की बोटं धावतात, मग जोड्या बदलतात, बायका आणि करिअर एकत्र येतात आणि बोट अडखळतं, चुकलं की लाल फुली. हा मिलिसेकंदांतला फरकच मोजतात. मी इतकी वर्षं नोकरी करतेय, तरी माझा निकाल पुरुष म्हणजे करिअर याच बाजूला झुकलेला, तोही मध्यम! फार लागलं मनाला. बऱ्याच बायकांचा असाच येतो म्हणे, आणि त्यानेच जास्त वाईट वाटलं.

कमी काय, तर परत दिली की निकाल बदलू शकतो, त्यावरून एखाद्या माणसाबद्दल निर्णय घेऊ नका असं साईटच सांगते. पण ओळखीतल्या एका कंपनीने सगळ्या मॅनेजरना ही टेस्ट दिली, सर्टिफिकेटं वाटली, झालं काम! पुढच्याच इंटरव्ह्यूत मुलीला विचारलं, लग्नाचं काय ठरलंय. २०१९ मध्ये ४९२ अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यात हेच निघालं की अशा टेस्टमधले स्कोअर बदलले म्हणून माणसाचं वागणं बदलतंच असं नाही.

खरा फरक कुठे पडतो ते २००७ च्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात बघा. समाजशास्त्रज्ञ शेली कोरेल आणि सहकाऱ्यांनी सारख्याच तोलाचे अर्ज दाखवले, एकीला मूल आहे एवढाच इशारा, तर तिला सुचवलेला पगार वर्षाला साधारण ११,००० डॉलरने कमी! बापांना असा फटका नाहीच. म्हणून मी आता सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारते आणि घरचं कुणालाच विचारत नाही.

मी दिली त्यात नावं बेन, ज्युलिया अशी अमेरिकन होती, सगळं इंग्लिशमध्ये. आपल्याकडची नावं घालून मराठीत कुणी केली तर फार बरं होईल. लॅपटॉपवर द्या, घाईत नको. पाचपैकी चार.