यंत्राला चार तारे, आवाजाला दोन

आमच्या बोळातली जुनी डोअर चाइम सासऱ्यांनी बसवलेली. लाकडी पेटी आणि खाली लोंबणाऱ्या दोन लांब पितळी नळ्या. तिची कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) जळाली म्हणून नवी दोन सुरांची चाइम घेतली. हा अभिप्राय त्या नवीचा, पण जुनीला वगळून तो लिहिताच येणार नाही.

आधी एक सांगते. बेल वाजत नाही म्हणजे बेलच गेली, असं धरून बाजारात धावू नका. बटण उघडून त्यामागच्या दोन वायरी एकमेकींना क्षणभर टेकवा. वाजली तर दोष बटणात आहे आणि खर्च किरकोळ. (हे फक्त ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या कमी व्होल्टच्या बेलसाठी. तुमची बेल थेट मेनवर असेल तर हात लावू नका, वायरमनला बोलवा.) त्यानंतर प्लंजर बघा, म्हणजे कॉइलमधून सरकून टोला देणारा दांडा. पुष्कळदा तो नुसता अडकलेला असतो, कारण कुणीतरी प्रेमाने त्यात तेल सोडलेलं असतं. तेलावर धूळ बसते आणि त्याचा चिकटा होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस भिजवून पुसा आणि परत तेल घालू नका.

आमच्याकडे हे काहीच नव्हतं. बटण आत दाबलेलंच राहिलं होतं. ही कॉइल क्षणभराच्या करंटसाठी बनवलेली असते, सतत चालू राहिली की तापते आणि तारेवरचं इनॅमल जळतं. घरभर वॉर्निशचा वास सुटला होता. मीटर लावलं तर कॉइल ओपन, म्हणजे तार आतून तुटलेली.

आता नवी. जोडायला अगदी सोपी: फ्रंट, ट्रान्स आणि रिअर असे तीन स्क्रू, वायरी कुठे जायच्या यात शंका राहत नाही. बटण दाबलं की प्लंजर उडून धातूच्या एका पट्टीवर आपटतो, ते ‘डिंग’. सोडलं की स्प्रिंग त्याला मागे ढकलते आणि दुसऱ्या पट्टीवर ‘डाँग’. मागच्या दाराला एकच सूर, म्हणजे कुठल्या दाराशी कोण आलंय ते उठायच्या आधीच कळतं. प्लंजर सुळकन सरकतो, कॉइल गुणगुणत नाही. यंत्राबद्दल तक्रार नाही.

तक्रार खोक्याबद्दल आहे. बाहेर ठळक अक्षरात ‘जुन्या वायरिंगला चालेल’. आतल्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात १६ व्होल्ट. आमचा जुना ट्रान्सफॉर्मर १० व्होल्टचा, त्यामुळे प्लंजर उठायचा पण पट्टीपर्यंत जेमतेम पोचायचा आणि ‘डिंग’ गिळल्यासारखं यायचं. ट्रान्सफॉर्मर बदलावा लागला. त्याची एक बाजू मेनवर असते, म्हणून ते काम वायरमनकडूनच करून घेतलं.

आणि आवाज! पूर्ण व्होल्ट मिळाल्यावरही तो टिचकी मारल्यासारखा, आला की गेला. कारण सरळ आहे. खालचा सूर हवा तर लांबी हवी. त्याच जाडीची पट्टी निम्मी केली की कंपनं चौपट होतात. या डबीत लांबीला जागाच नाही. शिवाय पट्टी कुठे धरली आहे यावरही बरंच ठरतं. दोन्ही टोकांपासून साधारण २२ टक्क्यांवर पट्टी स्वतः हलत नाही, तिथे रबर असेल तर ती मोकळी घुमते. माझ्या डबीतलं डावं रबर तिरकं बसून पट्टीला घासत होतं, त्यामुळे ‘डाँग’च्या जागी ‘ठक’ यायचं. चिमट्याने सरळ केलं तेव्हा ते जेमतेम ‘डंग’ झालं.

मग वायरमनला म्हटलं, दादा, हिचं यंत्र काढून जुन्या पेटीत बसवता येईल का? त्याने आधी मान हलवली, मग पेटी उघडून बघितली आणि स्वतःच रंगात आला. नव्या कॉइलची चौकट दोन स्क्रूंवर जुन्या पेटीत बसली. वेळ खाल्ला तो फटीने. प्लंजर निवांत असताना नळीपासून किंचित दूर राहिला पाहिजे आणि वेगात जाऊन टोला देऊन लगेच मागे आला पाहिजे. टेकून राहिला तर नळी घुसमटते. चौकटीखाली वॉशर घालत, काढत, परत घालत जमवलं. नळ्यांच्या दोऱ्या कुजल्या होत्या, त्या नायलॉनच्या केल्या. आता टोला पडल्यावर सूर बोळाच्या दुसऱ्या टोकापर्यंत रेंगाळतो.

मुलाचा हट्ट कॅमेऱ्याच्या बेलचा होता. घ्यायला हरकत नाही, पण ती चाइमच्याच वायरीतून सतत थोडा करंट ओढते. त्याने अशी जुन्या पद्धतीची चाइम गुणगुणू शकते. त्यासाठी चाइमपाशी एक छोटं मोड्यूल जोडावं लागतं. कॅमेऱ्याच्या खोक्यात ते आहे का, हे विकत घ्यायच्या आधी बघून घ्या.

तेव्हा घरात जुन्या नळ्या असतील तर ही चाइम जरूर घ्या, सुट्या भागांची पिशवी समजून. नळ्या नसतील आणि कान चोखंदळ असेल तर थोडे जास्त पैसे घालून लांब नळ्यांचीच घ्या. भिंतीवर खाली पुरेशी मोकळी जागा आहे ना, ते मात्र आधी टेपने मोजा.