प्रिंटरची वाया जाणारी शाई आणि मेंटेनन्स बॉक्स: दुकानातल्या वापरानंतरचा अनुभव

इंक टँक प्रिंटर घेताना प्रत्येक जण एकच विचारतो, एका बाटलीत किती पानं निघतात? माझं सांगणं असं की त्याआधी विचारा, वाया जाणारी शाई कुठे साठते आणि ती जागा भरली की बदलणार कोण. नाशिकच्या इंदिरानगरला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. एप्सनचा एल६१७० घेऊन बरेच महिने झाले, अख्खा उन्हाळा आणि ॲडमिशनचा सीझन त्याच्यावर काढला. तो घेतलाच मुळी मेंटेनन्स बॉक्ससाठी, म्हणजे वाया जाणारी शाई साठवणाऱ्या, आपल्याला बदलता येणाऱ्या डब्यासाठी.

आधी ही शाई वाया का जाते ते बघू. कागदावर शाई सोडणाऱ्या हेडला नोझल असतात, त्यांची छिद्रं केसापेक्षा बारीक असतात, शाई सुकली की बुजतात. मग हेड क्लीनिंग होतं: हेडला खालून रबरी कॅप चिकटते, पंप शाई ओढून घेतो आणि ती नळीतून एका स्पंजसारख्या पॅडमध्ये सोडतो. पहिल्यांदा टाकी भरल्यावर, क्लीनिंग दिल्यावर, कधी नुसतं चालू करतानाही थोडी शाई अशी जातेच.

माझ्या आधीच्या प्रिंटरमध्ये हे पॅड पोटातच बसवलेलं होतं. बारावीच्या निकालानंतर दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि तेव्हाच त्याचे दिवे लुकलुकायला लागले, प्रिंटिंग ठप्प. पॅड खरंच किती भिजलंय हे प्रिंटरला कळत नाही. प्रत्येक क्लीनिंगला अंदाजे किती शाई गेली याचा हिशोब तो मेमरीत मांडत असतो, आकडा मर्यादेला टेकला की थांबतो. मी दुरुस्तीला दिला, पॅड बदलल्याचे पैसेही मोजले. प्रत्यक्षात त्यांनी सॉफ्टवेअरने काउंटर तेवढा शून्य केला होता, पॅड जुनंच. काही आठवड्यांनी प्रिंटरखालून काळा ओघळ आला आणि टेबलावर ठेवलेले एका मुलीचे दाखले खराब झाले. ते पुन्हा काढायला तिच्या वडिलांना खेटे घालावे लागले, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून ‘रिसेट करून देतो’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा, जुनं पॅड दाखवता का?

एल६१७०मध्ये हे सगळं आपल्या हातात आहे. मागच्या बाजूला स्क्रूने बसवलेलं छोटं झाकण आहे, ते काढलं की बॉक्स सरळ बाहेर येतो. त्याचा नंबर टी०४डी१, एल६१६० आणि एल६१९०लाही तोच लागतो. कॅननच्या जी३०२०सारख्या मॉडेललाही एमसी-जी०२ नावाचं असंच बदलता येणारं कार्ट्रिज आहे. स्वस्तातला प्रिंटर बघत असाल तर ही सोय आहे का ते आधी खात्री करून घ्या.

माझा पहिला बॉक्स भरला तेव्हा नीट बघितला. शाई जिथून पडते त्या तोंडाशी काळ्या पिगमेंट (बारीक रंगकणांच्या) शाईचा डांबरासारखा थर, आणि बाकीच्या पॅडभर रंगीत शाया एकमेकींत मिसळून झालेला जांभळट तपकिरी रंग. शाईतलं पाणी उडून जातं, पण ग्लिसरिनसारखे न सुकणारे घटक राहतात, त्यामुळे बॉक्स हाताला जड लागतो आणि आत ओल राहते. काढताना तो तिरका करायचा नाही, आणि कडेच्या हिरव्या चिपला बोट लावायचं नाही. सगळं काम चहा गार व्हायच्या आत उरकलं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. बॉक्स भरला की नवा टाकेपर्यंत छपाई पूर्ण बंद. ऐनवेळी बाजारात मिळेलच असं नाही, म्हणून मी एक कायम जवळ ठेवते. किती भरलाय हे कॉम्प्युटरवर शाईच्या पातळीसोबत दिसतं.

तो लवकर भरू नये हे बरंचसं आपल्या सवयींवर आहे. नाशिकचा एप्रिल-मे कोरडा, पंखा दिवसभर चालू, त्यात शाई लवकर सुकते. दुकान बंद करताना बोर्डाचं बटण पाडायची आपल्याकडे पद्धत, पण प्रिंटर आधी त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करा. तेव्हाच हेड जागेवर जाऊन कॅप नीट बसते. मधेच वीज तोडली तर हेड उघडं राहू शकतं आणि मग क्लीनिंगवर क्लीनिंग. छापलेली रेघ तुटली तर आधी नोझल चेकचं पान काढायचं, मग एकच क्लीनिंग, तरी सुटलं नाही तर प्रिंटर काही तास बंद ठेवायचा. पॉवर क्लीनिंग, म्हणजे जास्त जोरदार क्लीनिंग, अगदी शेवटचा उपाय, त्यात शाई भसाभसा जाते. रंगीत काम नसेल तेव्हा मी दोन-चार दिवसांनी एक छोटं रंगीत पान काढते.

फोटोचं काम करणाऱ्यांसाठी आणखी एक. बॉर्डरलेस, म्हणजे कडेला पांढरी पट्टी न सोडता, छापताना कडेबाहेर उडालेली शाई आतल्या वेगळ्या पॅडवर पडते. काही मॉडेलमध्ये ते पॅड आपल्याला बदलता येत नाही, आणि भरलं की बॉर्डरलेस बंद होतं, बॉर्डरचं चालू राहतं. त्यामुळे पासपोर्ट फोटोची शीट मी बॉर्डर ठेवूनच काढते, तसेही ते कापायचेच असतात.

भरलेला बॉक्स नव्याबरोबर आलेल्या पिशवीत घालून तोंड बंद करायचं. पॅड धुऊन पुन्हा वापरणारे मी पाहिलेत. ते पाणी गटारात, गटार नासर्डी नदीत आणि नासर्डी गोदावरीत, कृपा करून हे करू नका. प्रिंटर आणि त्याची कार्ट्रिजं ई-कचऱ्याच्या नियमांत येतात. मी बॉक्स घंटागाडीत न टाकता जुन्या केबल-माउसबरोबर साठवते आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे एकदम देते.